जर्मनीत चान्सलरपदाच्या (म्हणजे आपल्या भाषेत पंतप्रधानपदाच्या) अगदी दारापर्यंत जाऊन कायमचा बाहेरच राहिलेला नेता कोण?

माझं उत्तर : वोल्फगांग शॉयब्ले. ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाचे, पेशाने वकील. १९७२ ला ओफेनबुर्गमधून पहिल्यांदा खासदार झाले ते २६ डिसेंबर २०२३ ला वारले तोवर खासदारच होते. लागोपाठ १४ निवडणुका, मतदारसंघ तोच. आपल्याकडेही इतकी वर्षं एक जागा धरून ठेवणारे फार सापडायचे नाहीत.

तेव्हाचे चान्सलर हेल्मुट कोल यांचे ते उजवे हात. १९९० चा एकीकरणाचा करार पश्चिम जर्मनीच्या वतीने त्यांनीच घडवला. ३ ऑक्टोबरला दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि जेमतेम नऊ दिवसांनी ओपेनाऊ नावाच्या छोट्या गावी प्रचारसभेत एका मनोरुग्णाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. एक चेहऱ्याला लागली, एक पाठीच्या कण्याला. छातीखालचं शरीर लुळं पडलं ते कायमचं. तरी काही आठवड्यांत गडी व्हीलचेअरवरून कामावर हजर.

पण मला ते आठवतात ते २० जून १९९१ मुळे. संसद आणि सरकार बॉनलाच ठेवायचं की बर्लिनला न्यायचं, यावर संसदेत दिवसभर घमासान चाललं होतं. शॉयब्ले पार नैर्ऋत्येचे, फ्रान्सच्या सीमेजवळचे. त्यांच्या मतदारांना बर्लिनचं काय पडलंय? ते म्हणाले, हा दोन शहरांमधला झगडा नाही, आपल्या सगळ्यांच्या भविष्याचा प्रश्न आहे. भाषण संपल्यावर विरोधी बाकांवरून माजी चान्सलर विली ब्रांट उठून आले आणि त्यांनी हात मिळवला. निकाल ३३८ विरुद्ध ३२०. नऊ-दहा मतं इकडची तिकडे झाली असती तर आज चान्सलरचं ऑफिस बॉनमध्ये असतं.

मग चान्सलर का नाही झाले? १९९७ मध्ये कोल यांनी ‘माझ्यानंतर हाच’ असं जाहीर केलं, पण १९९८ ला स्वतःच पुन्हा उभे राहिले आणि हरले. शॉयब्ले पक्षाध्यक्ष झाले, तोच पक्षाला मिळालेल्या बेकायदा देणग्यांचं प्रकरण फुटलं. डिसेंबर १९९९ मध्ये ते संसदेत सांगत होते, की श्रायबर या शस्त्रदलालाशी आपली एका संध्याकाळच्या कार्यक्रमात भेट झाली होती. ग्रीन पक्षाच्या श्ट्र्योबेले यांनी बसल्या जागेवरून विचारलं, ‘‘बॅग घेऊन की बॅगेशिवाय?’’ पाच-सहा आठवड्यांत कबुली द्यावी लागली : त्याच्याकडून पक्षासाठी एक लाख मार्क रोख घेतले होते. २००० मध्ये पद गेलं आणि त्या खुर्चीवर आल्या अँगेला मर्केल. पुढे त्या चान्सलर झाल्यावर त्यांच्याच मंत्रिमंडळात हे आधी गृहमंत्री, मग अर्थमंत्री!

अर्थमंत्री म्हणून भयंकर काटकसरी. २०१४ मध्ये नवं कर्ज शून्यावर आणलं, १९६९ नंतर पहिल्यांदाच. जर्मन लोक याला ‘काळं शून्य’ म्हणतात. ग्रीसवाल्यांनी व्यंगचित्रांत त्यांना नाझी गणवेश चढवला. २०१५ मध्ये कर्जात बुडालेल्या ग्रीसला पाच वर्षं युरोबाहेर ठेवायची सूचना त्यांच्याच खात्याची होती. मला स्वतःला ती अघोरी वाटते. त्याआधी २०१२ मध्ये ग्रीसच्या मदतीवर संसदेत चर्चा चालू असताना साहेब टॅबलेटवर सुडोकू खेळताना कॅमेऱ्यात सापडले होते.

२०१७ ला ते अर्थखात्यातून निघाले त्या दिवशी कर्मचारी काळे कपडे घालून मंत्रालयाच्या अंगणात जमले आणि त्यांनी उभ्याउभ्या एक भलंमोठं शून्य काढून दाखवलं.