कोलोरॅडोत एल्कच्या शिकारीसाठी पहिली रायफल

आधी कायदा बघा. एल्क या मोठ्या हरणासाठी तिथे किमान .२४ कॅलिबर (इंचात नळीचा व्यास), ८५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड ऊर्जा लागते. पण कायद्यात बसतं ते सगळंच पुरेसं असतं असं नाही. नवख्याने सरळ .३०८ विंचेस्टर किंवा .३०-०६ या काडतुसाची रायफल घ्यावी, १६५ ते १८० ग्रेनची गोळी वापरावी.

.३०० मॅग्नम या जास्त ताकदीच्या काडतुसाच्या रायफलीचा मोह आवरा. तिचा धक्का जबर असतो. त्या धास्तीने चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात, खांदा पुढे येतो आणि गोळी पोटात लागते. जखमी जनावर मैलोन् मैल जातं, तडफडून मरतं. हे टाळणं आपलं कर्तव्यच आहे. सरावात मित्राला मधूनच, तुम्हाला न सांगता, डमी (न उडणारं) काडतूस भरायला लावा. चाप ओढताच नळी खाली झुकली, तर धास्ती बसलीय समजा.

कॅलिबरइतकीच गोळीची बांधणी महत्त्वाची. पातळ आवरणाची हलकी, वेगवान गोळी जवळून खांद्याच्या हाडावर फुटून विखुरते, फुप्फुसापर्यंत पोचत नाही. बाँडेड (आतलं शिसं आवरणाला पक्कं जोडलेली) किंवा अखंड तांब्याची घ्या. आणि काडतुसावरचं नाव नळीवरच्या छापाशी ताडून पाहा, .३०८ आणि .३०-०६ या दोन्हींची गोळी .३०८ इंचीच असली तरी .३०-०६ चं काडतूस लांब असतं.