पावसाळ्यात उभ्या असलेल्या कॅम्परची इंजिनची बॅटरी कशी टिकवावी?

तुमची अडचण मला अशी समजली: टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर करून घेतली आहे, जून ते सप्टेंबर ती नाशिकजवळ उभी राहते, छतावर सोलर आहे आणि तरीही इंजिनची बॅटरी उतरते. ‘सोलर असून उतरते’ यातच गोम आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

कॅम्परमध्ये बॅटऱ्या दोन असतात. एक सेल्फ मारणारी, इंजिनची. दुसरी मागच्या संसाराची, म्हणजे दिवे, पंखा, फ्रिज, पाण्याचा पंप यांची. छतावरचं पॅनल बहुतेक वेळा फक्त मागच्या बॅटरीला जोडलेलं असतं. इंजिन चालू असताना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र, मधल्या रिलेतून (आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचमधून) मागच्या बॅटरीलाही चार्ज करतो, पण उलट्या दिशेने, मागून पुढे, काही येईलच असं नाही. तुमच्या गाडीत येतं का, हे पाहायला वायरिंग उकलायची गरज नाही. गाडी उन्हात उभी करा, इंजिन बंद ठेवा आणि दुपारी बाराच्या सुमारास मल्टीमीटर इंजिनच्या बॅटरीच्या टर्मिनलांना लावा. १३ च्या वर व्होल्ट दिसले तर सोलर पोचतंय. १२.४-१२.५ वर काटा अडला असेल तर तुमचं सोलर पुढच्या बॅटरीच्या कामाचं नाही.

मला हे समजायला एक बॅटरी गमवावी लागली. माझी गाडी ओझरजवळ मेहुण्याच्या मळ्यात, द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये असते. एप्रिलमध्ये माल संपला की शेड रिकामी, मग पावसाळाभर गाडी तिथे. एका वर्षी गणपतीत निघायचं ठरलं, मी किल्ली फिरवली, डॅशबोर्डचे दिवे मिणमिणले, आतून नुसतं टक्-टक्-टक् आणि सेल्फ फिरेना. मागे मात्र दिवे लख्ख, कारण मागचा मेन स्विच मी आठवणीने बंद केला होता. पुढच्या बॅटरीला तसा स्विचच नव्हता. मीटरवर १०.८ आले. अंबडच्या इलेक्ट्रिशियनने दोन दिवस मंद चार्जिंगला लावली, १२.५ झाली, रात्रभर ठेवल्यावर सकाळी १२.१. चौदा महिन्यांची बॅटरी, पण गेली ती गेलीच.

उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवरचं लेड सल्फेट कडक होत जातं आणि नंतर कितीही चार्ज केलं तरी ते सगळं विरघळत नाही. बॅटरी मरते ती उतरल्यामुळे तितकी नाही, जितकी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिल्यामुळे. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास विसावल्यावर १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२.४ च्या खाली गेली की चार्जिंगला लावायची, असा नियम मी धरून चालतो. उन्हाळ्यात बॅटरी आपोआपही लवकर उतरते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये उभी राहणाऱ्या गाडीकडे जास्त लक्ष हवं.

आता गाडी बंद असताना करंट कोण खातं ते शोधा. सेंट्रल लॉक, स्टिरिओची मेमरी, इंजिनचा कॉम्प्युटर, शिवाय नंतर बसवलेला जीपीएस ट्रॅकर. माझ्याकडे सगळे मिळून ६० मिलिअँपिअर खात होते. ऐकायला काहीच नाही, पण दिवसाला जवळजवळ दीड अँपिअर-तास होतो, दोन महिन्यांत ८६. १०० अँपिअर-तासांची बॅटरी त्यात जवळजवळ रिकामी होते. मोजताना मीटर निगेटिव्ह केबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये, १० अँपिअरच्या रेंजवर लावा, दारं बंद करून अर्धा तास थांबा (कॉम्प्युटर लगेच झोपत नाही) आणि मग आकडा वाचा. मीटर लावलेला असताना किल्ली चुकूनही फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडतो.

शेडमध्ये लाइटच नसेल तर सरळ निगेटिव्ह काढून ठेवा, किंवा कट-ऑफ स्विच बसवून घ्या. स्विच असेल तर दर वेळी पाना शोधावा लागत नाही. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते. ट्रॅकरचा पुरवठाही त्याबरोबर तुटतो, तेव्हा गाडी उघड्यावर असेल तर याचा विचार करा. निगेटिव्ह काढलं तरी बॅटरी थोडी थोडी उतरतेच, म्हणून आधी पूर्ण चार्ज करूनच काढा आणि महिन्या-दीड महिन्याने मीटर लावून बघा.

लाइट असेल तर मेंटेनर प्रकारचा चार्जर घ्या, म्हणजे बॅटरी भरली की स्वतःहून १३.५ ते १३.८ व्होल्टवर येऊन थांबणारा. गॅरेजमधला जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर आठवडेच्या आठवडे लावून ठेवू नका. तो थांबत नाही, पाणी उडतं आणि प्लेटा उघड्या पडतात. आणि एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही: लाइट जाऊन परत आल्यावर चार्जर आपोआप सुरू होतो का, ते विचारा. काही चार्जर बटण दाबेपर्यंत तसेच बसून राहतात. मळ्यावर लाइट पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. तिथे असा चार्जर पहिल्याच दिवशी बंद पडतो आणि तुम्ही महिनाभर निर्धास्त राहता. चार्जिंग चालू असताना बॅटरीच्या आसपास हवा खेळती ठेवा, त्यातून हायड्रोजन निघतो. मागची बॅटरी लिथियमची असेल तर तिचा चार्जर पुढच्या लेड-अ‍ॅसिडला लावू नका. आणि गाडी मोठ्या बसच्या चासीवरची असेल तर सिस्टिम २४ व्होल्टची असू शकते, तेव्हा चार्जर घेण्याआधी खात्री करा.

गाडी उघड्यावर असेल आणि दुपारचं रीडिंग १३ च्या खाली आलं असेल तर सोलरमधूनच थोडा करंट पुढच्या बॅटरीला देता येतो. दोन बॅटऱ्यांचे आउटपुट असलेले सोलर कंट्रोलर मिळतात, किंवा मागची भरली की पुढचीला थेंब-थेंब पाजणारं छोटं यंत्र बसवता येतं. ढगाळ दिवसांतही वर सांगितलेला ६० मिलिअँपिअरचा खर्च सहसा त्यातून भागतो. शेडमध्ये मात्र याचा काही उपयोग नाही.

वॉचमनला सांगून रोज पाच मिनिटं इंजिन सुरू करवून घेऊ नका, कितीही जणांनी सुचवलं तरी. गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं मंद चालवलं तर अल्टरनेटर पुरेसा करंट देत नाही, इंजिन नीट तापत नाही आणि पावसाळी दमट हवेत ऑइलमध्ये, सायलेन्सरमध्ये ओल साठते. त्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांनी उघडीप बघून गाडी बाहेर काढा. मी पिंपळगाव ओलांडून चांदवडच्या दिशेने पाऊण तास जाऊन परत येतो.

बॅटरी काढून घरी ठेवली तरी चालते. फरशीवर ठेवल्याने ती उतरते हा समज जुना आहे, आजच्या प्लॅस्टिकच्या डब्याला फळीची गरज नाही. झाकणं उघडणारी असेल तर डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा, नळाचं पाणी घालू नका. आणि बॅटरी चार वर्षांपुढची असेल तर चार्जरवर पैसे घालण्याआधी तिची लोड टेस्ट करून घ्या, म्हणजे तिच्यावर मोठा भार टाकून ती किती टिकते ते बघणं. बॅटरीच्या दुकानात दहा मिनिटांत होते.