बायबलच्या जुन्या करारातले संदेष्टे, म्हणजे देवाचा निरोप सांगणारे लोक, राजाला तोंडावर सुनावायचे, तरी राजे त्यांना मारत का नव्हते? आणि हे राजे खरंच होऊन गेले का?

मारायचे की. यहूदाच्या यहोयाकीम राजाने उरीया नावाच्या संदेष्ट्याला इजिप्तमधून पकडून आणवलं आणि तलवारीने मारलं, यिर्मयाच्या २६ व्या अध्यायात आहे. इस्राएलच्या अहाब राजाची बायको ईजबेल, तिने तर परमेश्वराचे संदेष्टे शोधून शोधून मारले, त्यातले १०० जण अहाबाचाच कारभारी ओबद्या याने गुहांमध्ये लपवले म्हणून वाचले. आणि सगळेच संदेष्टे राजाच्या विरोधात होते असंही नाही. अहाब राजाकडे ४०० होते, सगळे एका सुरात 'चढाई करा, जिंकाल' म्हणणारे. एकटा मीखाया वेगळं बोलला तर त्याला थोबाडीत बसली आणि वर तुरुंगात रवानगी.

राजे खरे होते का, तर अहाबापुरतं उत्तर दगडावर कोरलेलंच आहे. अश्शूरच्या शल्मनेसर तिसरा या राजाच्या शिलालेखात इ.स.पू. ८५३ च्या कर्करच्या लढाईचं वर्णन आहे, त्यात विरोधी आघाडीमध्ये इस्राएलचा अहाब २००० रथ आणि १०,००० सैनिक घेऊन आला असं लिहिलंय. रथांचा आकडा फुगवलेला असावा असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं, पण शत्रूने नाव घेऊन नोंद करावी एवढा हा राजा मोठा होता हे नक्की.

आणि बायबलमध्ये या लढाईबद्दल एक शब्द नाही! हस्तिदंती महाल बांधला, नगरं बांधली, हे एका ओळीत उरकलंय, बाकीचं राजांच्या बखरीत बघा म्हणून सांगितलंय. पण नाबोथ नावाच्या एका माणसाच्या द्राक्षमळ्यासाठी जवळजवळ अख्खा अध्याय दिलाय. मला हिब्रू लेखकांबद्दल जो आदर वाटतो तो यामुळेच, राजा किती मोठा हे ते रथ मोजून ठरवत नाहीत.

मळा यिज्रेलात राजवाड्याला लागून होता, अहाबाला तिथे भाजीपाला लावायचा होता. तो पैसे द्यायला तयार होता, बदल्यात चांगला मळा द्यायलाही तयार होता. नाबोथ म्हणाला वाडवडिलांचं वतन देणार नाही. झालं, राजा घरी येऊन तोंड फिरवून पडला, जेवेना. मग ईजबेलने राजाच्या नावाने पत्रं लिहून त्याचाच शिक्का मारला, गावच्या वडीलधाऱ्यांना कामाला लावलं, दोन खोटे साक्षीदार उभे केले, देवाची आणि राजाची निंदा केली असा आरोप ठेवला आणि नाबोथाला दगडमार करून मारलं. सगळं कसं कायदेशीर दिसेल असं! याच अहाबाच्या बापाने, अम्रीने, राजधानीसाठी शोमरोनची टेकडी मालकाकडून दोन किक्कार (वजनाचं जुनं माप) चांदी देऊन विकत घेतली होती, ते पाचच अध्याय आधी आलंय, त्यामुळे फरक फार टोचतो.

अहाब ताबा घ्यायला मळ्यात उतरतो तर समोर एलीया संदेष्टा उभा, आणि विचारतो, खून करून वर ताबाही घेतलास का? इथे राजाला त्याचा जीव घेता आला असता, पण अहाब कपडे फाडतो, गोणपाट नेसतो, उपास करतो. दावीद राजाचंही तसंच, बथशेबा या दुसऱ्याच्या बायकोला घेऊन तिच्या नवऱ्याला मारवल्याच्या प्रकरणात नाथान संदेष्ट्याने तोंडावर सुनावल्यावर तो सरळ म्हणतो मी पाप केलं. राजा पण देवाच्या कायद्याखालीच आहे ही समजूत राजाच्या स्वतःच्या मनातही मुरलेली होती, म्हणून काही संदेष्टे वाचले असं माझं मत.

आता राजांची एवढी बदनामी लिहून टिकली कशी? राजांच्या पुस्तकांमधली शेवटची घटना म्हणजे यहोयाकीमचा मुलगा यहोयाखीन राजा याची बाबेलच्या कैदेतून सुटका, म्हणजे इ.स.पू. ५८६ ला यरुशलेम पडल्यानंतरची. मजकूर जुना असला तरी शेवटचा हात फिरला तेव्हा गादीच उरली नव्हती, खूष कोणाला करणार? आपलं कुठे चुकलं हे शोधायला बसलेल्या लोकांनी हे जपलंय.

जाता जाता, हा एलीया आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांचाही फार लाडका, ते त्याला एलियाहू हन्नाबी म्हणतात, नवस फेडायला त्याच्या नावाने मलिदा करतात, आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाची खूण खडकावर आहे अशी त्यांची श्रद्धा आहे.

वाचायचं असेल तर पहिलं राजे अध्याय २१ आणि २२ सलग वाचा, मग दुसरं शमुवेल ११ आणि १२, आणि त्यानंतर यिर्मया ३६, तिथे यहोयाकीम राजा संदेष्ट्याच्या लिखाणाची गुंडाळी चाकूने कापून कापून शेगडीत टाकतो. अहाबानंतर लगेच यहोयाकीम वाचला की दोन राजांमधला फरक लक्षात येतो.