जुनी हाय टेन्शन लाइन कधी काढायची?

प्रश्न: आमच्या शेतावरून गेलेली हाय टेन्शन लाइन 50 वर्षांची झाली, टॉवर गंजलेत. आता शेजारून नवीन लाइन पण आलीय, तरी जुनी काढत का नाहीत? आणि नुसती बंद करून तशीच उभी ठेवली तर चालतं का?

उत्तर: नाही चालत, आणि याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून आधी तेच सांगतो. बंद लाइनच्या बाजूने चालू लाइन जात असेल तर इंडक्शनने, म्हणजे कुठे जोडलेलं नसताना नुसत्या जवळ असण्यानेच, बंद तारांतही व्होल्टेज येतं, नीट अर्थिंग नसेल तर हात लावणारा माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. शिवाय लाइन बंद म्हटलं की तपासणीचा बजेट आटतो, टॉवरचे अँगल चोरीला जायला लागतात आणि मग एखाद्या वादळात टॉवर आडवा होतो.

आता कधी काढायची? नुसतं वय बघून ठरत नाही. एकाच लाइनचे काही टॉवर कोरड्या माळावर आणि काही खाऱ्या वाऱ्यात असतील तर कागदावर वय सारखं पण हालत एकदम वेगळी. तारेचंही तसंच, वरून ॲल्युमिनियम दिसतं पण आत स्टीलचा गाभा असतो, त्यावरचा जस्ताचा थर गेला की आतून गंज सुरू होतो आणि खालून दुर्बिणीने बघितलं तरी बरेचदा कळत नाही. टॉवरचा पाय काँक्रीटमध्ये शिरतो तिथली माती उकरून बघावीच लागते. 2018 मध्ये कॅलिफोर्नियात कॅम्प फायर नावाची आग लागली, 85 माणसं गेली, पॅराडाइज गाव जवळजवळ सगळं जळालं, आणि सुरुवात कुठून झाली तर 115 केव्हीच्या (1 लाख 15 हजार व्होल्टच्या) जुन्या लाइनवर इन्सुलेटर (तारेतली वीज टॉवरमध्ये उतरू न देणारा भाग) ज्याला टांगलेला होता तो एक हूक वर्षानुवर्षं घासून घासून तुटला तिथून. एवढासा लोखंडी हूक हो! म्हणून मी म्हणतो, एकेका टॉवरचं रेकॉर्ड पाहिजे, सरासरीने काही कळत नाही.

नवीन लाइन आली की जुनी लगेच काढता येते असंही नाही. विजेची मागणी सगळ्यात जास्त असताना (पीक लोड) उरलेल्यातली एक लाइन ट्रिप झाली, म्हणजे अचानक बंद पडली, तर बाकीच्यांनी तो भार पेलला पाहिजे, हे आधी तपासतात. पेलत नसेल आणि टॉवर धड असतील तर नुसत्या तारा बदलून जास्त करंट नेणाऱ्या टाकतात, म्हणजे नवीन जागा पण लागत नाही.

तुम्ही लाइनच्या मालक कंपनीला लेखी विचारा: लाइन बंद कधी करणार, उतरवणार कधी, त्याचे पैसे मंजूर आहेत का, आणि फाउंडेशन नांगर लागणार नाही इतकं खोल तोडून काढणार का. टॉवरला जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं, त्याचे पोपडे शेतात पडू न देण्याची जबाबदारी कोणाची तेही लिहून घ्या. आणि तोपर्यंत कोणी कितीही सांगितलं की लाइन बंद आहे, तरी टॉवरवर कोणाला चढू देऊ नका.