जुन्या पद्मिनीला घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावे का?

तुमची १९८४ ची पद्मिनी गाडी पावसाळ्यात सकाळी सुरू होताना रडते, पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) वारंवार घासावे लागतात, आणि म्हणून ते काढून इलेक्ट्रॉनिक किट घरीच बसवावे का, असा तुमचा प्रश्न आहे. अवश्य बसवावे, फोंड्याला माझ्या गाडीवर मी ते स्वतः बसवले आहे. मात्र पावसाळी सकाळची तक्रार त्याने जाईलच, असे नाही.

पॉइंटचे काम एवढेच, की कॉइलच्या, म्हणजे ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणाऱ्या गुंडाळीच्या, पहिल्या वेटोळ्यातला चारेक अँपिअरचा प्रवाह नेमक्या क्षणी तोडायचा, की ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर हे सेकंदाला १०० वेळा घडते. त्यात पॉइंटच्या तोंडाला खड्डे पडतात, कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजते, फट कमी होते आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे सरकते. किट फक्त हीच झीज संपवते. आपल्याकडच्या दमट हवेत ठिणगी जिथे वाट चुकते, ते ठिणगी प्लगांना वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे कॅप आणि प्लगच्या वायरी मात्र जुन्याच राहतात.

म्हणून आधी कॅप काढून उजेडात तिरपे धरा. आतल्या बाजूला दोन टोकांच्या मध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर वीज त्या वाटेने पळते आहे असे समजा. ते कॅप कितीही पुसले तरी उपयोग नाही, नवेच घ्यावे लागते. नंतर रोटर (कॅपखालचा फिरता तुकडा) काढून शाफ्ट दोन बोटांत धरा आणि आडवा हलवून पाहा. तो जाणवण्याइतका डुलत असेल तर बुश (शाफ्टला आधार देणाऱ्या नळ्या) गेले आहेत, आणि टायमिंग पुढे सरकवणारी खालची वजने गंजून अडकली असतील तर वेग वाढल्यावर टायमिंग पुढे जाणारच नाही. हे दोष किटने झाकले जात नाहीत, त्यामुळे माझ्या मते किटच्या आधी बुशांवर खर्च करावा.

प्रत्यक्ष बसवणे ही एका दुपारची बाब आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून पॉइंट आणि कंडेन्सर काढायचे, त्या जागी सेन्सरची पट्टी स्क्रूने घट्ट करायची, चुंबकाची कडी कॅमवर दाबून बसवायची आणि दोन वायरी कॉइलच्या दोन टोकांना जोडायच्या. त्या उलट जोडल्या तर किटचे इलेक्ट्रॉनिक मॉड्युल बहुधा तिथेच जळून जाते, तेव्हा घाई नको. वायरी काढलेल्या अवस्थेत कॉइलचा रोध मीटरने मोजा. तो तीन ओहमच्या आसपास हवा. दीड ओहमची कॉइल असेल तर किटच्या कागदावर तिला मुभा आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. साध्या तांब्याच्या गाभ्याच्या प्लग वायरींऐवजी रेझिस्टन्सच्या वायरी घ्या, कारण तांब्याच्या वायरींतून होणाऱ्या विद्युत गोंगाटाने सेन्सर बिथरतो.

माझे पहिले मॉड्युल मीच जाळले. डॅशबोर्डवरचा एक दिवा का लागत नाही हे शोधताना इंजिन बंद आणि किल्ली चालू, असा अर्धा तास गेला. प्रवाह सतत वाहत राहून कॉइल हात लावता येणार नाही इतकी तापली होती. तेव्हापासून अशा कामाच्या वेळी मी कॉइलची वायर आधी काढून ठेवतो.

किट बसल्यावर टायमिंग नव्याने लावलेच पाहिजे, कारण सेन्सर जिथे ठिणगी देतो ती जागा पॉइंटच्या जागेशी जुळत नाही. टायमिंग लाइट पुलीवरच्या खुणेवर धरून डिस्ट्रिब्युटर थोडाथोडा फिरवा. आणि काढलेले पॉइंट-कंडेन्सर टाकून देऊ नका. चोर्ला घाटात मॉड्युल बंद पडले तर ते दुरुस्त होत नाही. जुना संच, एक स्क्रूड्रायव्हर आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) डिकीत असेल तर अर्ध्या तासात गाडी पुन्हा चालू होते.