साइट ४०३ (‘प्रवेश नाही’ ही एरर) देतेय, फोल्डरला ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) दिलं तर चालेल का?

नाही. ‘तात्पुरतं’ म्हणूनसुद्धा नाही.

तुमची साइट होममधल्या फोल्डरात आहे, फाइल्सना ६४४ (मालकाला वाचन-लेखन, बाकीच्यांना फक्त वाचन) आहे आणि तरी एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ४०३ देतो. मग दोष फाइल्समध्ये नाही, वरच्या डिरेक्टरीत आहे. फाइलपर्यंत पोचायला वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीवर एक्झिक्यूट लागतो. डिरेक्टरीवर त्याचा अर्थ आत शिरायची मुभा. उबंटूत २१.०४ पासून नव्या युजरचं होम ७५० (मालक आणि त्याचा ग्रुप सोडून कुणालाच मुभा नाही) असतं, त्यामुळे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, म्हणजे वेब सर्व्हर ज्या युजरखाली चालतो तो, दारातच अडतो. पूर्ण पाथ देऊन ‘नेमआय -एल’ चालवा, मुळापासून शेवटपर्यंत प्रत्येक पायरीचा मालक आणि परवानगी एकाखाली एक दिसते. अडलेली पायरी लगेच सापडते.

माझ्या एका सहकाऱ्यानं हे न बघता ७७७ देत देत थेट होमपर्यंत मजल मारली. साइट उघडली, पण एसएसएचची (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची) की चालेना. होमवर इतरांना राइट असेल तर एसएसएच सर्व्हर की नाकारतो, ते त्याचं मुळातलंच धोरण आहे. लॉगमध्ये ‘बॅड ओनरशिप ऑर मोड्स’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. मग त्यानं दुसरं टोक गाठलं: सगळा कोड डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या मालकीचा केला. सर्व्हरच्या फाइल्स सर्व्हरच्याच हव्यात, हे तो अजून म्हणतो.

ते चूक आहे. सर्व्हरला कोड फक्त वाचायचा असतो. पीएचपीसुद्धा त्याच युजरखाली चालत असेल, तर एका प्लगिनमधल्या भोकातून शिरलेला माणूस तुमचा सगळा कोड बदलू शकतो. फाइल ४४४ (सगळ्यांना फक्त वाचन) करूनही तो अडत नाही: मालक परवानगी परत बदलू शकतो, आणि फाइल पुसणं तर डिरेक्टरीच्या राइटवर ठरतं, फाइलच्या नाही.

कोड होममधून काढून /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू खाली स्वतंत्र फोल्डरात ठेवा. मालक कोड चढवणारा युजर, ग्रुप डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. डिरेक्टरींना २७५०, फाइल्सना ६४०. पुढचा २ म्हणजे सेटजीआयडी, त्यामुळे नव्या फाइलला ग्रुप आपोआप तोच लागतो. राइट फक्त अपलोडच्या फोल्डरला, २७७०, आणि त्या फोल्डरात पीएचपी चालणं एनजिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये बंद करा. हे बंद केलं नाही तर बाकीची मेहनत निम्मी वाया.

परवानगी बदलणाऱ्या ‘सीएचमॉड’ला सरसकट ‘-आर ७५५’ लावू नका, प्रत्येक चित्र आणि कॉन्फिग फाइल एक्झिक्यूटेबल होते. डिरेक्टरींनाच एक्झिक्यूट देणारा कॅपिटल एक्स वापरायचा सल्ला मिळेल, पण ७७७ आधीच देऊन बसला असाल तर तो कामाचा नाही. ज्या फाइलवर एक्झिक्यूट आहे तिच्यावर तो तसाच ठेवतो. ‘फाइंड’ला टाइप देऊन डिरेक्टरी आणि फाइल्स वेगवेगळ्या हाताळा. नंतर ‘सुडो -यू डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा कॅट’ करून एक फाइल वाचून बघा.

हे सगळं डेबियन-उबंटूचं झालं. रेड हॅट, फेडोरावर युजर अपाचे किंवा एनजिनएक्स असतो, आणि तिथे एसईलिनक्स आहे, म्हणजे परवानग्यांशिवाय प्रत्येक फाइलचं लेबलही तपासणारी वेगळी सुरक्षा. होममधून ‘एमव्ही’नं हलवलेल्या फाइल्स होमचं लेबल बरोबर घेऊन येतात, ‘सीपी’नं केलेल्या नव्या जागेचं घेतात. परवानग्या बरोबर असून ४०३ येत असेल तर ‘एलएस -एलझेड’नं लेबल बघा आणि ‘रिस्टोअरकॉन -आरव्ही’ चालवा.