फ्लाइंग टायगर लाईन एवढी मोठी मालवाहू कंपनी होती, तर ती फेडएक्सने विकत कशी घेतली?

मुंबईत एअर कार्गोच्या कामात बरीच वर्षं काढलेल्या माणसाला हा प्रश्न फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रॉबर्ट प्रेस्कॉट हा चीनमध्ये जपान्यांशी लढलेल्या अमेरिकन स्वयंसेवक तुकडीतला वैमानिक. तीच ती ‘फ्लाइंग टायगर्स’. ती तुकडी विसर्जित झाल्यावर तो आसाममधून हिमालय ओलांडून चीनला माल पोचवणाऱ्या विमानांवर होता. विमानाने माल नेणं म्हणजे काय, हे तो तिथे शिकला असं मला नेहमी वाटतं. १९४५ साली जुन्या सोबत्यांना घेऊन त्याने कॅलिफोर्नियात कंपनी काढली, तीच पुढची फ्लाइंग टायगर लाईन. निम्मं भांडवल सॅम्युअल मोशर या तेलवाल्याचं होतं. पहिली विमानं नौदलाने काढून टाकलेली, बड कंपनीची कोनेस्टोगा. बडवाले मूळचे रेल्वेचे डबे बांधणारे, त्यामुळे ही विमानंही स्टेनलेस स्टीलची. मागे उताराचं दार होतं, त्यातून माल थेट आत चढवता यायचा. विमानं फार टिकली नाहीत, पण कंपनी टिकली. १९४९ मध्ये अमेरिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फक्त मालाची नियमित सेवा चालवायचा परवाना तिला मिळाला.

आता खरी गोम. प्रवासी जातो तसा परत येतो. माल परत येत नाही. द्राक्षांची पेटी कॅलिफोर्नियातून पूर्वेकडे गेली की गेली. विमान मात्र परत आणावंच लागतं, आणि इंधन तेवढंच जळतं. आपल्याकडे ट्रकवाला परतीचं भाडं शोधत नाक्यावर थांबतो, तीच चिंता टायगर्सना शेवटपर्यंत होती. कोरिया आणि व्हिएतनामच्या युद्धांत लष्कराच्या भाड्याने ती बरीच भागवली. पुढे आशियातून इलेक्ट्रॉनिक्स आणि कपडे भरभरून येऊ लागले, तर तिकडे जाताना काय न्यायचं हा प्रश्न उभा राहिला. पैदाशीची गुरंसुद्धा त्यांनी विमानात कठडे बांधून नेली.

मालाची चढउतार मात्र त्यांना फार चांगली कळायची. १९६१ मध्ये त्यांनी कॅनडेअरची सीएल-४४ घेतली. तिची अख्खी शेपटी बिजागरीवर बाजूला वळायची आणि लांबलचक नग मागून सरळ आत जायचा. नंतर डीसी-८ आणि १९७४ पासून ७४७ ही जेट विमानं. माल १२५ इंच लांब, ९६ इंच रुंद पॅलेटवर, म्हणजे सपाट फळीवर, रचायचा, वरून जाळी आवळायची, वजन करायचं, मग विमानाच्या तळावरच्या रोलरवरून ढकलत नेऊन लॉक लावायचं. कोणतं पॅलेट पुढे, कोणतं मागे, यावर विमानाचा तोल अवलंबून. ते ठरवणारा लोडमास्टर चुकला तर उरलेल्यांचं कसब वाया. या माणसांचं नाव इतिहासात येत नाही याचं मला वाईट वाटतं.

१९७७ पर्यंत अमेरिकेत मालवाहतुकीचे मार्ग सरकारी मंडळ वाटायचं. त्या वर्षी हवाई मालवाहतूक खुली झाली. १९८० मध्ये टायगर्सनी सीबोर्ड वर्ल्ड ही कंपनी आपल्यात विलीन करून घेतली आणि जगातली सर्वांत मोठी मालवाहू विमान कंपनी झाली. पण इंधन महागलेलं, कर्ज वाढलेलं, आणि मोठी प्रवासी विमानं पोटातल्या रिकाम्या जागेत स्वस्तात माल नेत होती. दर पडले.

बहुतेक लोक सगळा दोष या खुल्या धोरणाला देतात. मला ते अर्धंच पटतं. टायगर्स माल विमानतळापासून विमानतळापर्यंत नेत. ग्राहक फॉरवर्डरचा, म्हणजे लोकांचा माल गोळा करून पाठवणाऱ्या मध्यस्थाचा, टायगर्सकडे फक्त जागा विकायला. जागा विकणाऱ्याचा भाव रिकाम्या फेऱ्याच्या दिवशी कोसळतोच. फ्रेड स्मिथच्या फेडएक्सने १९७३ च्या एप्रिलमध्ये मेम्फिसहून १४ छोटी फाल्कन विमानं घेऊन सुरुवात केली. पहिल्या रात्री २५ शहरांसाठी १८६ पाकिटं होती. पण तो विकत होता वेळ: उद्या सकाळी तुमच्या दारात. सगळी विमानं रात्री मेम्फिसला यायची, माल वेगळा व्हायचा आणि पहाटेआधी परतायची. बॉस्टनहून आलेल्या विमानात सगळ्या शहरांची पाकिटं असायची आणि परतताना सगळ्या शहरांतून आलेली बॉस्टनची. परतीचं भाडं शोधायची गरज त्या रचनेतच कमी झाली.

फेडएक्सकडे आशियात उतरायचे हक्क मात्र फारसे नव्हते, आणि ते दोन देशांच्या करारातून मिळतात, नुसत्या पैशाने नाही. टायगर्सकडे टोकियोसह ते होते. म्हणून १९८८ च्या डिसेंबरमध्ये सुमारे ८८ कोटी डॉलरचा सौदा जाहीर झाला आणि १९८९ च्या ऑगस्टमध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. सोबत ७४७ विमानं आली, ती चालवणारे वैमानिक आले आणि सेवाज्येष्ठता कशी लावायची यावरून दोन्हीकडच्या वैमानिकांत बराच काळ कडवटपणा राहिला.